चार अणूंचा संसार



आज मी तुमच्याशी एका लहानशा रेणूविषयी बोलणार आहे. आधीच सांगून टाकतो, मी रसायनशास्त्राचा माणूस नव्हे. महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. पण या रेणूपायी आमच्या घरात अकरा वर्षे भावाभावांत अबोला होता. तेव्हा त्याची चौकशी करणे मला भागच पडले.

गोष्ट माझ्या लहानपणची, 1990 च्या सुमाराची. आमची आणि चुलत्यांची विहीर एक, आणि विहिरीजवळची दगडी दोणही एकच. बांधावरून दोन्ही घरांत थोडी धुसफूस होती. ती कुठल्या गावात नसते? एका संध्याकाळी औतावरून सुटलेला आमचा बैल दोणीवर पाणी प्यायला. अर्ध्या तासात त्याच्या तोंडाला फेस आला, अंग थरथरू लागले, पोट फुगले. तो लडखडत खाली बसला आणि रात्र पडायच्या आत गेला. बैल धडधाकट होता. सकाळी त्याने दोन एकर कुळवले होते. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा एवढेच म्हणाले, “दोणीत विष होतं. आणि ते कोणी घातलं, ते मला ठाऊक आहे.” दुपारी नाना, म्हणजे माझे चुलते, दोणीपाशी काही कालवताना आमच्या गड्याने पाहिले होते. झाले! त्या दिवसापासून दोन्ही घरांची दारे एकमेकांना बंद झाली.

ही गोष्ट इथेच ठेवू आणि त्या रेणूकडे वळू.

भल्या पहाटे गोठ्याचे दार उघडले की नाकात एक झणका शिरतो, डोळ्यांना पाणी येते. रात्रभर गोमूत्र साचलेल्या कोपऱ्यात तो जास्त जाणवतो. हा झणका म्हणजेच अमोनिया वायू. आमची मुले शाळेत त्याचे सूत्र पाठ करतात, पण गोठ्यातला वास आणि फळ्यावरचे सूत्र ही एकच वस्तू आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते.

अमोनियाच्या रेणूचा संसार अवघ्या चार अणूंचा. मध्ये नत्राचा एक अणू, त्याला चिकटलेले हायड्रोजनचे तीन. यापेक्षा सुटसुटीत प्रपंच तो कोणता? पण पिकाच्या पानातले हिरवेपण, डाळीतले सत्त्व, आपल्या दंडातले मांस, या सर्वांना नत्र लागते. आणि ते हवेतून उचलून सजीवांच्या स्वाधीन करायचे, तर वाट बहुतेक वेळा याच रेणूच्या दारावरून जाते.

आता तुम्ही म्हणाल, हवेत नत्र काय कमी आहे? शंभर भाग हवेत अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच आहे. अगदी खरे. पण हवेतले नत्राचे अणू दोन-दोन मिळून असतात, आणि त्या दोघांनी एकमेकांना तिहेरी मिठी मारलेली असते. ती मिठी सोडवण्याची ताकद ज्वारीत नाही, उसात नाही, माणसातही नाही. समुद्रातल्या माणसाला प्यायला पाणी मिळू नये, तशी पिकाची गत होते. सभोवार नत्र, आणि पीक मात्र पिवळे.

ही मिठी सोडवणारे कारागीर जमिनीत आहेत. भुईमुगाचे एक रोप हलक्या हाताने उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर समजा, की कारखाना चालू आहे. तिथे राहणारे जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात. झाड त्यांना साखर पुरवते, ते झाडाला नत्र पुरवतात. आपले वाडवडील कडधान्यानंतर दुसरे पीक घेत, त्यामागचे मर्म हेच. अनुभव त्यांच्यापाशी होता. त्याचे शास्त्रीय कारण 1886 साली जर्मनीतील हेलरीगेल या शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवून दिले.

जे जिवाणू मुकाट्याने करतात, ते माणसाला जमायला 1909 साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रिट्झ हाबर यांनी जर्मनीत कार्ल्सरूह येथे हवेतले नत्र आणि हायड्रोजन यांचा संयोग करून अमोनिया थेंबाथेंबाने वाहता करून दाखवला. त्यासाठी हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोनशे पट दाब आणि चुलीतल्या निखाऱ्याची आठवण व्हावी असे तापमान लागले. कार्ल बॉश यांनी त्याचा मोठा कारखाना उभा केला, आणि 1913 साली ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. अमोनियापासून नायट्रिक आम्ल करता येते आणि त्या आम्लापासून स्फोटके. जो रेणू शेतासाठी म्हणून बनला, तोच तोफांच्या कामी आला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. रेणू बदलला नव्हता. तो कुठे न्यायचा, हे ठरवणारी माणसे बदलली होती.

आपल्या देशात सिंद्री येथे 1951 साली अमोनियम सल्फेट हे खत तयार होऊ लागले. पुढे मुंबईत ट्रॉम्बे येथेही खताचा मोठा कारखाना उभा राहिला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न कारखान्यात बांधलेल्या नत्रावर पिकते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता युरिया. युरिया म्हणजे काय, तर अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बन डायॉक्साइडचा एक, यांची बांधलेली मोट. मोट बांधताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, एवढेच. युरिया मूळचा आपल्याच शरीरातला. आपण खातो त्या डाळीतले, दुधातले सत्त्व शरीरात वापरले गेले की मागे अमोनिया उरतो. तो रक्तात साचला तर मेंदूला घातक. म्हणून यकृत त्याची युरियाच्या रूपात मोट बांधते आणि मूत्रावाटे बाहेर धाडते. यकृत हे काम कसे करते, ते क्रेब्स आणि हेन्झेलाइट यांनी 1932 साली उलगडले. पूर्वी लोक समजत, की असा पदार्थ फक्त जिवंत शरीरातच बनू शकतो. 1828 साली फ्रीडरिश व्होलर यांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि तो समज डळमळला. मूत्रातला युरिया आणि पिशवीतला युरिया, रेणू म्हणून यांत तिळमात्र फरक नाही.

आणि बांधलेली मोट सुटतेसुद्धा. जमिनीत युरिएज नावाचा एक पाचक पदार्थ असतो. थोडी ओल मिळाली की तो युरियाची मोट सोडतो आणि अमोनिया मोकळा होतो. मातीच्या आत झाला तर माती त्याला धरून ठेवते, वरच्यावर झाला तर तो वाऱ्यावर जातो. युरियाच्या 45 किलोच्या पिशवीत सुमारे 21 किलो नत्र असते. त्यातला समजा पाचवा हिस्सा उडाला, तर चार किलो नत्र आपण पैसे मोजून आभाळाला दिले! म्हणून ओलसर जमिनीवर, कडक उन्हात युरिया फेकून तसाच सोडू नये. मातीआड करावा, नाहीतर लगेच बेताचे पाणी द्यावे. 2015 पासून आपल्याकडे युरियाला कडुनिंबाचे तेल चोळलेले असते. पण त्याने जमिनीतल्या अमोनियाचे नायट्रेट होणे मंदावते. वरच्यावर उडून जाणारा अमोनिया त्याने थांबत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवा. दोन बरण्यांत ओलसर माती घ्या. एकीत चमचाभर युरिया मातीवरच टाका, दुसरीत तेवढाच युरिया तीन-चार बोटे मातीखाली पुरा. दोन्ही बरण्यांच्या झाकणाला आतून हळदीचा ओला कागद लावा आणि झाकणे बंद करून दोन-तीन दिवस ठेवा. पहिल्या बरणीतला कागद लालसर होईल. दुसरीतला उशिरा किंवा फिकट बदलेल. युरिया मातीआड का करायचा, ते मुले घरी जाऊन आईवडिलांना सांगतील. तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.

आता आमच्या बैलाकडे परत येऊ.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी, शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना ही हकीकत सहज निघाली. आमचे रसायनशास्त्राचे सहकारी ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुमच्या काकांनी दोणीत काय कालवलं होतं?” मी म्हणालो, “पिशवीच्या तळाशी ढेकळं झालेला युरिया. वाफ्याला पाण्याबरोबर सोडायचा म्हणून.” नानांनी त्या वेळी तसे सांगितलेही होते. पण युरिया तर खत, खताने पीक वाढते, बैल कसा मरेल, असे म्हणून आबांनी ते उडवून लावले होते.

सहकाऱ्यांनी कप खाली ठेवला आणि मला समजावून सांगितले. गाय, बैल, म्हैस यांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, ज्याला कोठीपोट म्हणतात, त्यात असंख्य जिवाणू असतात. त्यांच्यापाशीही ते युरिएज असते. बैलाने युरियाचे पाणी प्यायले की तिथे घटकाभरात मोट सुटते आणि अमोनियाचा लोंढा रक्तात शिरतो. यकृताला एवढ्या मोटा बांधणे झेपत नाही. सवय नसलेल्या मोठ्या बैलालाही ओंजळभर युरिया घातक ठरू शकतो. गंमत अशी, की तोच युरिया पशुवैद्यांनी सांगितलेल्या मापाने वाळल्या वैरणीवर प्रक्रिया करून दिला, तर तेच जिवाणू त्यातून सत्त्व तयार करतात आणि जनावर पोसते. माप आणि जागा बदलली, की अन्नाचे विष होते.

तेव्हा श्रोते हो, एवढे लक्षात ठेवा. जनावराच्या पाण्याच्या दोणीत, बादलीत, घमेल्यात खत कधीही कालवू नका. रिकामी पिशवी तिथे धुऊ नका. पिशव्या गोठ्यापासून दूर ठेवा. खत दिलेल्या वाफ्यात साचलेले पाणी जनावराला पिऊ देऊ नका. जनावराने युरिया खाल्ल्याचा संशय आला, तर तत्काळ पशुवैद्याला बोलवा. ते भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात. आंबट पदार्थाशी अमोनियाचा संयोग झाला, की त्याचे रक्तात शिरणे कमी होते. पण झटके येत असलेल्या जनावराच्या तोंडात आपण होऊन काही ओतू नका, ते फुप्फुसात जाते.

त्या शनिवारी मी गावी गेलो. रात्री जेवणे झाल्यावर आबांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे त्यानं घातलं नव्हतं?”

मी म्हणालो, “घातलं होतं, आबा. पण बैलाला नव्हे, वाफ्याला.”

सकाळी मी उठलो, तेव्हा आबा घरात नव्हते. समोरच्या ओट्यावर नानांच्या शेजारी बसले होते. दोघे काय बोलले, ते मी विचारले नाही. दोघांच्या मध्ये चहाची एकच बशी होती.

शास्त्र शिकून काय होते, असे पुष्कळ जण विचारतात. मी त्यांना मोठमोठी नावे सांगत नाही. चार अणूंच्या त्या रेणूची ओळख आमच्या घरी अकरा वर्षे आधी पोचली असती, तर बैल वाचला असता. निदान भाऊ तरी दुरावला नसता. एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.