पडद्यावरची भीती कुणाची?

(वस्तीतल्या वाचनालयात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना आला तसाच ठेवला आहे.)



मला सांगितलं, कायतरी बोल, विषय तुझा तू घे. मी म्हणलं, पिक्चरवर बोलतो. तर आपल्यातलेच दोघंतिघं हसले. म्हणाले, परिस्थिती काय आणि तू बोलतोस काय. कवितेवर बोल, चळवळीवर बोल, पिक्चर म्हंजे टाइमपास. मी त्यांना एवढंच विचारतो : गेल्या महिन्यात आपल्यातल्या किती जणांनी पुस्तक वाचून संपवलं, आणि किती जणांनी मोबाइलवर पिक्चर बघितला? हात वर करायला लावत नाही, घाबरू नका. पण आपली पोरं जिथं रोज दोन-दोन तास डोळे लावून बसतात, तिथं काय शिजतंय हे बघायचं नसेल तर मग आपण बघायचं काय?

मी समीक्षक नाही. मॅट्रिक झालेला गोदी कामगार आहे. पाळी संपली, पाठ टेकली, की पिक्चर लावतो. त्यातही कलात्मक वगैरे नाही. सायन्सचे, भुताचे आणि मारधाडीचे. सभ्य माणसं या तिन्हींना हलकं मानतात. मानू द्या. हलकं म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टीत मोठी माणसं आपल्या मनातलं बिनधास्त बोलून जातात. तिथं त्यांना कुणी बघत नाही असं वाटतं.

मी हे पिक्चर बघताना दोनच गोष्टी बघतो. यात काम कोण करतंय? आणि भीती कुणाला वाटतेय? एवढं बघितलं की पुष्कळ दिसतं.

आधी सायन्सचे घेऊ. रोबोट हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. तो आला कुठून? कारेल चापेक नावाचा एक चेक लेखक होता. त्यानं १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं. १९२१ साली ते प्राग शहरात रंगमंचावर आलं. शब्द त्याला सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. त्यांच्या भाषेत 'रोबोटा' म्हंजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनं, फुकट करायची मजुरी. आपल्याकडं याला शब्द आहे : वेठबिगार. पण आपल्या कोशवाल्यांनी भाषांतर केलं 'यंत्रमानव'. यंत्र आठवलं, मानव आठवला, वेठ तेवढी विसरले. आपले पणजे-खापरपणजे वतनाच्या नावाखाली गावाची वेठ ओढत होते. त्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात बिल आणलं ते १९२८ साली. म्हंजे तिकडं वेठीला नवं नाव मिळालं, आणि सातआठ वर्षांत इकडं वेठ मोडायची भाषा सुरू झाली. एकाच काळातल्या या दोन गोष्टी.

त्या नाटकात रोबोट बंड करतात आणि माणसं मारून टाकतात. एकाला तेवढं जिवंत ठेवतात. त्याचं नाव अल्क्विस्ट. का ठेवतात? कारण तो आपल्या हातानं काम करतो. तो त्यांच्यातला वाटतो. बघा, किती साधी गोष्ट आहे. पुढं शंभर वर्षं रोबोटचे ढिगानं पिक्चर निघाले. यंत्र उठेल, मालकाला मारेल, जग खलास होईल. पण हाताला घट्टे असलेल्या माणसाला त्यांनी सोडलं, ही गोष्ट फार कुणी परत सांगितली नाही.

दुसरा पिक्चर 'मेट्रोपोलिस'. फ्रिट्झ लांगचा, जर्मन, मुका, १९२७ चा. वर उंच इमारती, बागा, मालकांची पोरं शर्यती खेळतायत. जमिनीच्या खाली यंत्रं आणि त्याच्याही खाली कामगारांची वस्ती. पाळी बदलते तेव्हा माना खाली घालून दोन रांगा चालतात, एक आत, एक बाहेर. हा पिक्चर बघून मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आपल्याकडं वर-खाली बांधायला सिमेंट लागलं नाही, एवढाच फरक.

पण शेवट बघा. शेवटाला सांगतात की डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदय पाहिजे. मग मालकाचा पोरगा मध्ये उभा राहतो आणि मुकादमाचा हात बापाच्या हातात देतो. झालं! वस्तीत पाणी भरलं, पोरं बुडता बुडता वाचली, आणि शेवटी हस्तांदोलन. दुसऱ्या दिवशी पाळी तीच. म्हंजे डोकं डोकंच राहणार, हात हातच राहणार. आपल्याला ही गोष्ट नवी आहे का? आपल्याकडं पुरुषसूक्तात आधीच वाटणी झालेली आहे : तोंड कोण, बाहू कोण, मांड्या कोण, पाय कोण. आणि आपण तर त्या अंगातच नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवलं की जात कामं वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच तोडून वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवते. मग पायऱ्या तशाच ठेवून मध्ये हृदय घातल्यानं काय होणार? पुढं लांगलासुद्धा स्वतःच्या या शेवटाची खंत वाटली. आपल्याकडचे हृदयवाले मात्र अजून समाधानात आहेत.

आता 'एलियन'. १९७९ चा, रिडले स्कॉटचा. लोक म्हणतात, अंतराळातला राक्षस, काय भारी! मला राक्षसाआधी जहाज दिसलं. ते मालवाहू आहे. दोन कोटी टन खनिज ओढून नेतंय. माणसं सात. त्यातले दोघं, पार्कर आणि ब्रेट, खाली इंजिनात. पार्कर काळा आहे. हे दोघं पहिल्यापासून एकच बोलतायत : आम्हाला वाटा कमी का? वरचे त्यांच्याकडं लक्ष देत नाहीत. मग एक सिग्नल येतो. उतरून तपास करा. नाही म्हणायची सोय नाही, कारण करारात लिहिलंय की तपास केला नाही तर सगळा वाटा जप्त. पुढं कळतं की कंपनीनं गुपचूप हुकूम देऊन ठेवला होता : तो प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील.

दोस्तांनो, हा पिक्चर भविष्याचा आहे असं कोण म्हणतो? ज्यानं ठेकेदाराच्या कागदावर न वाचता अंगठा किंवा सही केलीय, त्याला तो कालचा आहे. त्या प्राण्याच्या तोंडातनं लाळ गळते ती दिसते. कराराची लाळ दिसत नाही. म्हणून मला त्या पिक्चरमध्ये प्राण्यापेक्षा कागदाची भीती वाटली. ती माझी स्वतःची भीती होती, कुणाकडनं उसनी घेतलेली नव्हती.

आता भुताकडं येऊ. पण त्याआधी 'किंग काँग', १९३३ चा. बेटावर त्या अवाढव्य वानराला बेशुद्ध करतात. तो सिनेमावाला म्हणतो, तराफा बांधा, जहाजावर न्या. आणि पुढच्या दृश्यात एकदम न्यूयॉर्कचं थिएटर, बाहेर दिव्यांची पाटी! मी थांबवून मागं घेऊन बघितलं. एवढं मोठं धूड तराफ्यावर घेतलं कुणी? जहाजात चढवलं कुणी? न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरवलं कुणी? आमच्यात एक साधा बॉयलर उतरवायचा तर अख्ख्या टोळीचा घाम निघतो. पिक्चरमध्ये ते सगळं एका कापात गायब. १९७६ साली पिक्चर परत काढला तेव्हा त्याला तेलाच्या टँकरच्या पोटात घालून आणताना तरी दाखवलं. साखळीत बांधून, जहाजात घालून, अमेरिकेत आणून, लोकांपुढं उभा केलेला तो कोण, हे तिथल्या काळ्या माणसाला सांगावं लागत नाही. साखळी तुटली की गोऱ्यांनी का किंचाळायचं, हेही सांगावं लागत नाही.

झाँबी हे भूतही तसंच. ते मूळचं हैतीचं. तिथं फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यात आफ्रिकेतनं आणलेले गुलाम मरेपर्यंत राबत. त्यांना एक आशा होती की मेल्यावर तरी आपण आपल्या मुलखात परत जाऊ, सुटू. आणि एक भीती होती की मेल्यावरही कुणी उठवून कामाला जुंपेल. ती भीती म्हंजे झाँबी. म्हंजे बघा, हे भूत मुळात राबणाऱ्याची भीती होती. १७९१ ला त्या गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतःचा देश जाहीर केला. नंतर १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकेनं हैतीवर फौज बसवली, आणि त्याच काळात, १९३२ साली, हॉलिवुडनं 'व्हाइट झाँबी' काढला. त्यात एक दृश्य आहे. उसाच्या घाण्यावर मेलेले मजूर राबतायत. एक जण तोल जाऊन घाण्यात पडतो. बाकीचे थांबत नाहीत. घाणा चालूच. माझ्या मते भुताच्या पिक्चरमधलं हे सगळ्यात खरं दृश्य आहे, आणि त्यात भूत कुणाला त्रास देत नाही, फक्त काम करतं. पण पिक्चरला त्या मजुराची काळजी नाही. एका गोऱ्या बाईला झाँबी केलं, ही त्याची काळजी. नावातच सांगितलंय. राबणाऱ्याची भीती चोरली, तिच्यावर मालकाचा शिक्का मारला आणि तिकीट लावून विकली.

१९६८ साली जॉर्ज रोमेरोनं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. कमी पैशातला, काळा-पांढरा. त्यात हिरो बेन हा काळा माणूस आहे. डुएन जोन्स नावाच्या नटानं ते काम केलं. रात्रभर तो एका घरात मढ्यांशी झुंजतो. डोकं शांत ठेवतो. घरातले बाकीचे सगळे मरतात, तो एकटा वाचतो. सकाळ होते. शेरीफची बंदूकवाली गोरी टोळी येते. खिडकीत हालचाल दिसते, ते गोळी घालतात. बेन मेला. मग त्याचं प्रेत हुकांनी ओढून बाकीच्या मढ्यांबरोबर जाळतात. हूक काय असतो ते मला ठाऊक आहे. तो पोत्यात रुततो तेव्हा आवाज येतो. पिक्चर तयार होऊन रोमेरो तो घेऊन न्यूयॉर्कला निघाला होता, त्याच रात्री त्याला रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनाची बातमी कळली. ४ एप्रिल १९६८. भूतं रात्री आली आणि गेली. बेनला मारलं ते दिवसाउजेडी, कायद्याच्या माणसांनी. रात्रीला घाबरायचं की सकाळला, हे आपल्या वस्तीत कोंबिंग ऑपरेशन बघितलेल्याला विचारा.

आपल्याकडचं सांगतो. 'तुंबाड', २०१८ चा. वाडा, पाऊस, तळघर. सगळे हस्तरला घाबरतात. मी त्याची गोष्ट नीट ऐकली. देवीचा पहिला मुलगा. सोनं त्याच्या हाती लागलं, पण धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं वाचवला, पण अट अशी की याची पूजा व्हायची नाही, याचं नाव राहायचं नाही. तेव्हापासून तो खाली कोंडलेला, उपाशी. आणि वरचा वाड्यातला माणूस कणकेची बाहुली दाखवून त्याला फसवतो आणि त्याची मोहर पळवतो. पिक्चर फार चांगला आहे, लोभाची गोष्ट धीटपणे सांगतो. पण मी बघताना मनात म्हणलं : अन्न नाकारलेला, नाव नाकारलेला, खाली गाडलेला, आणि तोंडावर पीठ फेकून लुटलेला. याला राक्षस म्हणायचं ठरवलं कुणी? वाड्यानं.

आता मारधाड. 'दीवार', १९७५. आम्हा गोदीवाल्यांचा पिक्चर. बिल्ला नंबर ७८६. हप्ता द्यायला नकार देणारा हमाल मरतो, आणि विजय गोदामाचं दार आतून लावून एकटा सगळ्यांना लोळवतो. अजूनही बघताना मुठी वळतात. पण त्याच्या आधीचं आठवा. विजयचा बाप कामगारांचा पुढारी आहे. मालक त्याच्या बायकापोरांना धरतो, कागदावर सही घेतो आणि पुढारी संपतो. म्हंजे पहिल्याच भागात युनियन मेली. उरली काय, एका माणसाची मूठ. ती मूठ स्मगलरला आवडते, तो तिला उचलतो. विजय गोदीतनं वर जातो, बंगला घेतो, आणि शेवटाला भावाच्या गोळीनं मरतो. गोदीत मागं राहिलेल्या हमालांचा हप्ता पुढं बंद राहिला का, हे पिक्चर विचारत नाही.

मारधाडीच्या पिक्चरची खरी गंमत इथं आहे. शंभर जणांचा राग एकाच्या अंगात घालायचा. नव्व्याण्णव जण टाळ्या वाजवून घरी जातात, आणि त्या एकाला शेवटी मारून टाकता येतं. मालकाला यापेक्षा सोयीचं काय? आपल्या वस्तीतली किती पोरं तो एकटा व्हायला निघाली? आज ती कुठं आहेत ते आपण सगळे जाणतो. कुणाच्या तरी फ्लेक्सवर सगळ्यात खालच्या ओळीत, नाहीतर आत.

याच्यासमोर 'काला' ठेवा. २०१८, पा. रंजितचा, मुळात तमिळ, पण गोष्ट आपल्या धारावीची. यातही रजनीकांत आहे, यातही ढिशुम आहे, छत्रीनं मारामारी आहे. पण जमीन घ्यायला आलेला पांढऱ्या कपड्यातला आहे आणि काळा रंग आपल्या बाजूचा. आणि खरा तडाखा कुठं बसतो? धारावीची माणसं कामावर जायचं थांबवतात तेव्हा. मुंबईची चाकं थांबतात. शेवटाला काळा, तांबडा, निळा रंग उडतो आणि प्रत्येक जण काला होतो. गर्दीतला एक वेगळा काढला नाही, एकातनं गर्दी काढली. मारधाडीच्या पिक्चरात हे करता येतं, हे या माणसानं दाखवलं.

म्हणून मी सांगतो, पिक्चर बघणं सोडू नका. डोळे उघडे ठेवून बघा. राक्षस दिसला की विचारा, याला साखळी कुणी घातली होती. भूत दिसलं की विचारा, याला पुरलं कुणी. हिरो दिसला की विचारा, याच्या मागची माणसं गेली कुठं. रॉटरडॅमच्या बंदरात १९९३ पासून कंटेनरच्या गाड्या ड्रायव्हरविना धावतायत. यंत्र आपल्याकडंही येणार आहे. तेव्हा मालक आपल्याला सांगेल की यंत्राला घाबरा. आपण यंत्राला घाबरायचं नाही. यंत्र कुणाचं आणि करार कुणी लिहिला, ते विचारायचं.

आणि तुमच्यातल्या ज्यांना लिहिता येतं, ज्यांच्या मोबाइलला कॅमेरा आहे, त्यांनी भुताची गोष्ट लिहावी. सायन्सची लिहावी. मारधाडीची लिहावी. फक्त ती तळघरातनं लिहा, वाड्याच्या माडीवरनं नाही. काय काय दिसतंय ते मग लोकांना कळेल, आणि मग घाबरायचं कुणी तेही ठरेल.