कोसीचे पात्र उद्या कोठे असेल?



दख्खनच्या पठारावर नदीकाठी राहणाऱ्या माणसाला, नदी गाव सोडून दूर निघून जाते ही कल्पनाच विचित्र वाटेल. कृष्णा काय, घटप्रभा काय, खडकात रुतलेल्या या नद्या पुरात काठ ओलांडतात आणि पाणी ओसरले की मूळच्या जागी परततात. बिहारमधील कोसीचे तसे नाही. अठराव्या शतकात पूर्णिया शहराजवळून वाहणारी ही नदी पुढील दोन शतकांत शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेस सरकली.

याचे कारण गाळ. नेपाळात चतरा येथे कोसी डोंगर सोडून मैदानात उतरते. उतार एकाएकी कमी होतो, वेग मंदावतो आणि हिमालयातून आणलेली वाळू व माती तळाशी बसू लागते. पात्र वर्षानुवर्षे उंचावत जाते. शेवटी नदी उंचावर आणि आजूबाजूची शेते सखल, अशी उलटी स्थिती निर्माण होते. मग एखादे लहानसे निमित्तही पुरते. प्रवाह सखल भागाकडे झेपावतो आणि पुष्कळदा पूर्वी सोडून दिलेल्या जुन्या धारेतच शिरतो. अशा अनेक धारांच्या गाळातूनच पंख्याच्या आकाराचा तेथील विस्तीर्ण प्रदेश घडलेला आहे.

ही नदी पुढे कोठे जाईल, याचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांत पुण्याजवळील खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रातील गोळे आणि चितळे यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा १९६६ सालचा निबंध आजही उद्धृत होतो. नदी क्रमाक्रमाने पश्चिमेस सरकते, असे त्या काळी बहुतेकांचे मत होते. परंतु १७६० ते १९६० या काळातील २८ नकाशे तपासणाऱ्या एका अभ्यासाने २०१० साली निराळे चित्र मांडले: कोसीची हालचाल एका दिशेची नसून पुढेमागे झुलणारी व बरीचशी अनियमित आहे. हाती दोन-चारच नकाशे असले की त्यांमधून सरळ रेष ओढण्याचा मोह होतो. अंदाज फसतो तो बहुधा तेथेच.

या अनिश्चिततेची किंमत १८ ऑगस्ट २००८ रोजी मोजावी लागली. १९५४ च्या भारत-नेपाळ करारानंतर दोन्ही तीरांवर बांध घातले गेले होते आणि भीमनगरजवळ बराज उभे राहिले होते. बांधांची रचना साडेनऊ लाख क्युसेक प्रवाहासाठी होती. तरीही बराजच्या वरच्या अंगास, नेपाळातील कुसहा येथे, पूर्वेकडील बांध फुटला, तेव्हा नदीत जेमतेम दीड लाख क्युसेक पाणी होते. नदी पूर्वेकडील जुन्या धारांत शिरली आणि बिहारमधील तीस लाखांहून अधिक लोक संकटात सापडले. अनेक पिढ्यांनी पूर न पाहिलेल्या गावांत नावाही नव्हत्या.

म्हणून पुराचा आकडा एकटा पुरेसा नाही. शंभर वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर म्हणजे दरवर्षी शेकड्यास एक शक्यता. तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा सव्वीसच्या आसपास भरते. परंतु पात्र बदलण्याची शक्यता पाण्याइतकीच तळाच्या उंचीवर आणि बांधाच्या स्थितीवर अवलंबून असते. बांध केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. कोठे फुटू शकेल हे मात्र बऱ्याच अंशी सांगता येते. पावसाळ्यानंतर पात्राची व बाहेरील जमिनीची उंची मोजली, जुन्या धारा नकाशावर उतरविल्या, तर नदी जेथे वळू शकेल त्या जागा उघड होतात. त्या नकाशावर एक रेष नसते, कमी-अधिक संभवाचे पट्टे असतात. गावकऱ्यांस विचारले तर जुनी धार कोणत्या शेतातून जात होती हे वृद्ध मंडळी अचूक दाखवितात. मोजणीदाराने ते टिपून घेणे अवश्य आहे.

कुसहाचे भगदाड जानेवारी २००९ मध्ये बुजविण्यात आले आणि नदी बांधांच्या मधल्या पात्रात परत आणली गेली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बराजवरून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी गेले. १९६८ नंतर इतका प्रवाह आला नव्हता. या वेळी कुसहाचा बांध टिकला. फुटला तो पश्चिमेकडील, दरभंगा जिल्ह्यात.