नैतिक निवाडा : भावना की वस्तुस्थिती?

(बंगळूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



‘हा अन्याय आहे’ असे कामगार म्हणतो, तेव्हा तो जगाविषयी काही सांगत असतो, की केवळ आपला संताप व्यक्त करीत असतो? ब्रिटिश तत्त्ववेत्ते ए. जे. एअर यांनी १९३६ साली दुसऱ्या पर्यायाचा पुरस्कार केला. त्यांच्या मते नैतिक विधान खरेही नसते, खोटेही नसते. तो भावनेचा उद्गार असतो. हे मत स्वीकारले, तर मालकाची भावना व मजुराची भावना यांत निवड करण्यास बळाखेरीज दुसरा आधार उरत नाही.

याच शहरातील एक लढा या मताची कसोटी पाहतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीचा नियम बदलला. नोकरी सुटली तरी मालकाच्या हिश्शाची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हती. १८ व १९ एप्रिल रोजी तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार रस्त्यावर उतरले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. १९ एप्रिललाच सरकारने माघार घेतली.

मतभेद कशाविषयी होता? म्हातारपणी आधार असावा, हे सरकारही म्हणत होते. शिलाई यंत्रावर राबणाऱ्या स्त्रीलाही तेच हवे होते. भावना एकच होती. वाद होता वस्तुस्थितीचा. ज्या धंद्यात ५८ व्या वर्षापर्यंत काम टिकण्याची शाश्वती नाही, तेथे अडकवून ठेवलेली रक्कम आधार ठरते, की हातची मजुरी हिरावून घेते? या प्रश्नाचे उत्तर संतापाने मिळत नाही. ते कारखान्यात व वस्तीत जाऊन तपासावे लागते.

एअर यांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. संतापावाचून कोणी रस्त्यावर येत नाही. वस्तुस्थितीतून कर्तव्य आपोआप निघत नाही, हा आक्षेपही हलका नाही. परंतु भूक, आजारपण, कर्ज या माणसाच्या गरजा हीदेखील वस्तुस्थितीच आहे. तिला बाजूला सारून केलेला निवाडा चुकीचा ठरू शकतो. आणि जे चुकू शकते, ते नुसता उद्गार नसते.

सरकार झुकले म्हणून मागणी न्याय्य ठरली, असे मात्र कोणी समजू नये. बळाने निर्णय फिरतो, न्याय सिद्ध होत नाही. सरकार झुकले नसते, तरी ती मागणी न्याय्यच राहिली असती. म्हणूनच घोषणा देण्यापूर्वी चौकशी करणे हे कार्यकर्त्याचे पहिले नैतिक कर्तव्य होय.