विचारायचं राहून गेलं

(कार्यकर्त्यांच्या वाचन-शिबिरात केलेलं भाषण)



"पुस्तकं वाचून काय होतं? कामाचं बोला," असं आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. मी वाद घालत नाही. दोन पुस्तकांनी माझं काय केलं, तेवढं सांगते.

१९५० च्या दशकात आमच्या वाड्यात आजोबांची विधवा बहीण राहायची. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. वपन केलेली, लाल आलवणातली. मी तिला रोज बघायचे, पण ती अशी का, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पंधराव्या वर्षी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' हाती आली. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः आली होती. यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. नवरा गेल्यावर सासरी तिचे केस जबरदस्तीनं काढतात. ते वाचून मी तशीच उठले आणि आत्याआजीला विचारलं, "तुझे केस कोणी काढले गं?" ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "सोळावं होतं मला. दोघींनी हात धरले होते. त्यातली एक माझी आई."

इतकी वर्षं ही गोष्ट घरातच होती. विचारायला मात्र कादंबरी वाचावी लागली.

दुसरं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. १९८६ चं. बेबीताई फलटणला दुकान चालवायच्या, रद्दीचे कागद वाचायच्या, आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. त्या पुस्तकात ब्राह्मण आळीत मोळ्या विकायला जाणाऱ्या महार बायका आहेत. लाकडाला केस किंवा लुगड्याचा धागा चिकटून राहिला तर घर विटाळेल, म्हणून मालकीण त्यांना लांबूनच दटावते.

मी पुस्तक मिटलं. आमच्याही वाड्यात मोळीवाली यायची. तिला ओट्यावरून हुकूम सोडणारी, पैसे वरून टाकणारी आमची आत्याआजीच. आणि तिच्या पदराआड उभी मी! यमूसाठी रडताना मला वाटलं होतं, मी सोसणाऱ्यांच्या बाजूची. बेबीताईंनी मला माझी खरी जागा दाखवली. त्या मोळीवालीचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. आत्याआजीला विचारलं, तिला विचारायचं राहून गेलं.

'आपण साऱ्या बायका एक' ही घोषणा मीही घसा फोडून दिली आहे. आजही देईन. पण ओटा आणि अंगण यांतलं अंतर विसरून दिली, तर ती ओट्यावरचीच घोषणा राहील.

तेव्हा परत गेल्यावर आपल्या केंद्राचं कपाट उघडा. त्यात कोणाचं पुस्तक नाही, ते बघा. आणि वाचून झालं की चर्चेला बसण्याआधी आपल्या घरात, दारात कोणाला काय विचारायचं राहिलंय, ते विचारून या. माणसं आपल्यासाठी थांबत नाहीत.