राहते घर आणि उतारवय : अमेरिकेतील 'मेडिकेड'चा धडा

(ज्येष्ठ नागरिक आणि अमेरिकास्थित भारतीयांचे नातलग यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१९६५ या एकाच सालात तीन घटना घडल्या. एप्रिल महिन्यात मुंबईत पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. ३० जुलै रोजी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या उपस्थितीत, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. आणि ३ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी त्याच जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही करून आशियातील सुशिक्षित तरुणांना अमेरिकेचे दार मोकळे केले. या तिन्ही घटना कधी काळी एका उंबरठ्यावर येऊन भेटतील, असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

आज त्या भेटल्या आहेत. त्या दारातून पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून जे अभियंते आणि डॉक्टर तिकडे गेले, त्यांतील पहिल्या फळीने पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्यापैकी कोणाला पक्षाघात झाला, कोणाची स्मृती गेली, तर आयुष्यभराच्या कष्टाने उभ्या केलेल्या घराचे काय होणार, हे बहुतांशी मेडिकेडचे नियम ठरवितात. आणि कायद्याने माणसाकडे सुटी व्यक्ती म्हणून पाहायचे की कुटुंबाचा घटक म्हणून, हा दीनदयाळजींचा प्रश्न त्या नियमांच्या प्रत्येक कलमात दडलेला आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. 'नर्सिंग होम' म्हटले की आपल्याकडे बाळंतपणाचे किंवा छोट्या शस्त्रक्रियेचे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना अंघोळ, कपडे, जेवण, उठणे-बसणे यांसाठी अहोरात्र दुसऱ्याच्या हाताची गरज लागते, अशा वृद्धांच्या दीर्घकालीन मुक्कामाची ती जागा. तेथील स्वतंत्र खोलीचा खर्च २०२४ च्या एका देशव्यापी पाहणीनुसार वर्षाला सुमारे १,२७,७५० डॉलर, आणि दोघांच्या सामाईक खोलीतील खाटेचा १,११,३२५ डॉलर होता. सुखवस्तू निवृत्त दांपत्याची शिल्लकही चार-पाच वर्षांत संपून जावी, असा हा आकडा आहे.

सरकारी विमा आहे, मग चिंता कशाची, असे पुष्कळांना वाटते. येथेच पहिली फसगत होते. पासष्टीनंतर मिळणारे मेडिकेअर हे आजार बरा होण्यासाठी आहे, म्हातारपणासाठी नव्हे. किमान तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिल्यानंतर कुशल परिचर्येची गरज असेल, तरच ते नर्सिंग होमचा भार उचलते. पहिले वीस दिवस पूर्ण, पुढे शंभराव्या दिवसापर्यंत अंशतः. २०२५ मध्ये या टप्प्यात रुग्णाला रोज २०९.५० डॉलर स्वतः भरावे लागत होते. शंभर दिवसांनंतर काहीच नाही. नुसत्या सांभाळासाठी तर पहिल्या दिवसापासूनच काही नाही.

उरते मेडिकेड. केंद्र आणि राज्ये मिळून चालविलेली ही गरिबांसाठीची योजना. ती दीर्घ शुश्रूषेचा खर्च उचलते. किंबहुना नर्सिंग होममधील दर पाच जणांपैकी साधारण तिघांचा मुख्य आधार तीच आहे. मात्र तिच्या दारात शिरण्यासाठी माणसाला गरीब व्हावे लागते. बहुतेक राज्यांत एकट्या अर्जदाराकडे मोजण्याजोगी मालमत्ता दोन हजार डॉलरांहून अधिक असता कामा नये. राहते घर ठरावीक मर्यादेत वगळले जाते, एक मोटार वगळली जाते. बाकीचे आधी खर्चून संपवायचे. त्यानंतर निवृत्तिवेतनही जवळजवळ सारे संस्थेकडे जाते आणि हातखर्चाला महिन्याकाठी थोडी रक्कम उरते. तिची केंद्रीय किमान मर्यादा तीस डॉलर आहे. आयुष्यभर कर भरलेल्या माणसाच्या हाती तीस डॉलर!

१९८८ पूर्वी तर याहून कठीण स्थिती होती. पती नर्सिंग होममध्ये गेला की घरी राहिलेली पत्नीही निर्धन होई. कागदोपत्री घटस्फोट घ्या म्हणजे निम्मी मिळकत वाचेल, असा सल्ला वृद्ध दांपत्यांना देण्याची पाळी वकिलांवर येत असे. पन्नास वर्षांचा संसार सहचराच्या औषधपाण्यासाठी मोडावयास लावणारी व्यवस्था कल्याणकारी म्हणवून घेत होती! त्या वर्षीच्या कायद्याने घरी राहणाऱ्या जोडीदाराला संरक्षण दिले. तो कायदा पुढच्याच वर्षी बव्हंशी रद्द झाला, पण ही तरतूद मात्र टिकली. २०२५ च्या आकड्यांनुसार घरचा जोडीदार राज्याच्या नियमांप्रमाणे ३१,५८४ ते १,५७,९२० डॉलरांच्या दरम्यानची शिल्लक राखू शकत होता, आणि तो राहतो ते घर त्याच्याच ताब्यात राहते.

परंतु दोघेही गेले की शासन दार ठोठावते. १९९३ च्या कायद्याने प्रत्येक राज्यावर असे बंधन घातले की, पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीच्या दीर्घ शुश्रूषेवर मेडिकेडने केलेला खर्च तिच्या मृत्यूनंतर मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल करावा. जोडीदार हयात असेल, एकवीस वर्षांखालील किंवा अपंग अपत्य असेल, तर वसुली थांबते. अन्यथा जे घर आयुष्यात वगळले गेले, तेच मृत्यूनंतर हिशेबात येते.

मग सरळ उपाय कोणता सुचतो? मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे व्हावे. कायद्याने हा रस्ता ओळखून ठेवला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये अमलात आलेल्या सुधारणेने अर्जापूर्वीच्या तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचे व्यवहार तपासण्याचा नियम केला. त्या काळात कोणाला फुकट किंवा कमी किमतीत काही दिले असेल, तर त्या रकमेला राज्यातील नर्सिंग होमच्या सरासरी मासिक खर्चाने भागायचे. जेवढे महिने येतील तेवढे महिने मेडिकेड नाही. एक लाख वीस हजार डॉलर मुलाला दिले आणि मासिक सरासरी दहा हजार असेल, तर बारा महिने. खरी मेख पुढे आहे. पूर्वी हे बारा महिने दान केल्यापासून मोजले जात. आता ते मोजले जातात माणूस नर्सिंग होममध्ये दाखल होऊन, शिल्लक संपून, अर्ज करून पात्र ठरल्यानंतर. म्हणजे पैसा नाही, घर दिलेले आहे, आणि वर्षभर कोणी बिल भरणार नाही. भेटकराच्या दृष्टीने वर्षाला प्रत्येकी एकोणीस हजार डॉलरांपर्यंतची भेट (२०२५ ची मर्यादा) कळविण्याची गरज नसते. म्हणून ती मेडिकेडलाही चालते, हा समज अनेक घरांना महागात पडतो. त्या सवलतीचा मेडिकेडशी काडीचाही संबंध नाही.

या संदर्भात अमेरिकी संसदेने एकदा भलताच उत्साह दाखविला. १९९६ मध्ये मेडिकेडसाठी मालमत्ता देऊन टाकणे हा गुन्हा ठरविला गेला. 'आजीला तुरुंगात धाडणारा कायदा' अशी त्याची टर उडाल्यावर पुढच्या वर्षी आजीला सोडून तिला फी घेऊन सल्ला देणाऱ्याला धरायचे ठरले. १९९८ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणी रोखली आणि महान्यायवादी जॅनेट रेनो यांनीही आपण तो राबविणार नसल्याचे कळविले.

येथे एक नैतिक प्रश्न टाळता येणार नाही. गरिबांसाठीच्या योजनेत मध्यमवर्गाने नियोजन करून शिरावे काय? आपल्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थ मानले, पण धर्माच्या मर्यादेत. ठेवी लपविणे, खोटे शपथपत्र करणे ही सरळ चोरी आहे, मग ती कोणत्याही देशाच्या तिजोरीतून असो. ज्यांना खर्च परवडतो त्यांनी गरिबाच्या ताटात हात घालू नये. परंतु कायद्यानेच ठेवलेली वाट, ठरावीक मुदत पाळून, उघडपणे चालणे यात अधर्म नाही. एका आजारपणाने एका पिढीची सारी पुंजी नष्ट व्हावी, ही काही समाजाच्या हिताची गोष्ट नव्हे.

भारतातून गेलेल्या कुटुंबांत लपवाछपवीचा मोह एका ठिकाणी हमखास होतो. कोथरूडचा फ्लॅट, गावाकडची जमीन, बँकेतील मुदत ठेवी. हे तिकडे कोणाला कळणार? अर्जात मात्र जगभरची मालमत्ता सांगावी लागते. पुण्यातील फ्लॅट पुतण्याच्या नावे केला, तर तेही पाच वर्षांच्या तपासणीत येणारे दानच होय.

ज्या आई-वडिलांना मुलांनी उतारवयात ग्रीन कार्डावर नेले, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९९६ च्या कायद्यानुसार त्यांना सर्वसाधारणपणे पहिली पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही, आणि बोलावून घेणाऱ्या मुलाने त्यांच्या निर्वाहाचे कायदेशीर हमीपत्र दिलेले असते. शिवाय वीसहून अधिक राज्यांत निर्धन आई-वडिलांचा भार मुलांवर टाकणारे जुने कायदे पुस्तकात आहेत. ते क्वचितच वापरले जातात. पण २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अपील न्यायालयाने एका मुलाला आईचे सुमारे त्र्याण्णव हजार डॉलरांचे बिल भरावयास लावले. आई ग्रीसला निघून गेली होती आणि तिचा मेडिकेडचा अर्ज अनिर्णित होता. शेवटी भारतात परत यायचेच आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर ध्यानात ठेवावा.

घर मुलांच्या नावे थेट करण्यात दुसराही धोका आहे. 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांनी सर्वस्व मुलांना वाटून टाकले आणि पुढे काय झाले, ते मराठी माणसाला सांगावयास नको. अमेरिकेत तर मुलगा कितीही गुणी असला, तरी त्याचा घटस्फोट, त्याचे कर्ज, त्याचे दिवाळे यांत आई-वडिलांचे छप्पर सापडू शकते. शिवाय भेट मिळालेले घर मुलाने विकले, तर नफा वडिलांच्या मूळ खरेदी किमतीपासून मोजला जातो आणि कराचा मोठा बोजा पडतो. म्हणून जाणकार वकील रद्द न करता येणारा न्यास, म्हणजे ट्रस्ट, सुचवितात. घर न्यासाच्या नावे होते. आई-वडिलांना तेथे तहहयात राहता येते, भाडे किंवा व्याज घेता येते, पण मुद्दलाला हात लावता येत नाही. पाच वर्षे उलटली की ते घर मेडिकेडच्या हिशेबात धरले जात नाही. प्रकृती ठणठणीत असताना, सत्तरीच्या आसपास हा निर्णय घेतला तरच तो कामाला येतो. निदान झाल्यानंतर धावाधाव करणाऱ्याच्या हाती पाच वर्षे नसतात. कुलमुखत्यारपत्राचेही तसेच, स्मृतिभ्रंश बळावल्यावर सही करून घेता येत नाही. मृत्युपत्र, आजार, पैसा हे विषय आपल्या घरांत अभद्र मानले जातात. सणाला सारी मुले जमतात, तेव्हाही ते निघत नाहीत.

आता या रूक्ष कायद्यातील एका कलमाकडे वळू. जो मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांच्या नर्सिंग होममध्ये जाण्यापूर्वी किमान सलग दोन वर्षे त्यांच्याच घरात राहिली आणि जिच्या सेवेमुळे त्यांना तेवढा काळ घरी राहणे शक्य झाले, तिच्या नावे ते घर करता येते. पाच वर्षांची अट नाही, दंड नाही. आणि घर मृताच्या मालमत्तेत उरत नसल्याने नंतरची वसुलीही नाही. व्यक्तीला एकक मानणाऱ्या त्या व्यवस्थेलाही अखेर सेवा आणि सहवास यांची किंमत मान्य करावी लागली. त्यात शासनाचाही लाभ आहे, कारण मुलीने सांभाळलेली दोन वर्षे म्हणजे दोन वर्षांचे वाचलेले बिल.

पण कलम नीट वाचावे. त्यात मुलगा आणि मुलगी आहे; सून नाही. सासूची अंथरुणातली सगळी सेवा जिने केली, तिचे नाव कायद्याला ठाऊक नाही. आपल्या वाटणीपत्रांतही ते फारसे नसते, त्यामुळे अमेरिकेला हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. अशा सुनेसाठी लेखी सेवाकरार हा मार्ग उरतो. काम सुरू होण्यापूर्वी केलेला, बाजारभावाने मोबदला ठरविणारा, तासांची नोंद ठेवणारा करार असेल, तर दिलेला पैसा दान न ठरता वेतन ठरतो. त्यावर तिने प्राप्तिकर भरावयाचा. घरातल्या सेवेचा असा हिशेब आपल्या मनाला रुचत नाही. तरीही तिच्या श्रमांचा कागदावर उल्लेख तरी होतो.

आणि मुला-मुलीच्या बाबतीतही नुसते शब्द पुरत नाहीत. त्याच पत्त्यावरचा वाहनपरवाना, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेची पत्रे, आणि ही सेवा नसती तर रुग्णाला आधीच नर्सिंग होममध्ये हलवावे लागले असते, असे डॉक्टरांचे पत्र, एवढे जवळ असावे लागते. हे सारे आई घरात असतानाच जमवायचे असते.