देवळाजवळचे झाड



जीर्णोद्धार पार पडला. या आनंदात एक विनंती करतो. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे, बाबूजी महाराज संस्थानाच्या पत्र्याच्या शेडवर वादळात जुने कडुनिंब कोसळले. आसऱ्याला थांबलेले 7 भाविक दगावले. तो चैत्र होता. आपल्या शेंद्र्याची मांगीरबाबांची यात्राही चैत्रातच भरते.

घराजवळचे वा देवळाजवळचे झाड कलले, खोड पोकळ झाले, बुंध्याची माती उकलली, तर वळवाआधीच वाळल्या फांद्या उतरवाव्यात. तेवढ्याने भागत नसेल, तर रीतसर परवानगी काढून जाणत्या माणसाकडून झाड उतरवावे. मोकळ्या जागी दोन लावावीत.

देवाच्या झाडाला हात लावायला मन धजत नाही. पण छपराखालची लेकरेही देवाचीच. कचेरीत पंचनाम्याचे कागद हाताळण्यापेक्षा तुमचा परवानगीचा अर्ज मी आनंदाने लिहून देईन.