बोळातला चार इंची पाइप

आजचा विषय जरा घाण आहे, पण शिरवळच्या गावठाणात ज्याचं घर आहे त्याला लगेच कळेल. शेजाऱ्याच्या मोरीचा पाइप.

जुन्या दोन घरांच्या मधे हात-दीड हाताचा बोळ असतो. मूळचा तो वळचणीच्या पाण्यासाठी. मोरीचं चार बादल्या पाणीही त्यातच जिरायचं, कुणाची तक्रार नसायची. मग एमआयडीसी आली आणि जुन्या घरांच्या जागी भाड्याच्या खोल्या चढल्या. आता हिशोब करा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. सहा खोल्या, खोलीत तीन माणसं, म्हणजे ९९० लिटर. त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन बाहेर येणार. बोळ मात्र तेवढाच.

आमच्या शेजारी हेच झालं. काकांनी खोल्या बांधल्या, पाइप बोळात सोडला. दोन पावसाळ्यांत आमच्या देवघराची भिंत गुडघ्यापर्यंत ओली. आई म्हणाली, "भाऊजी, पाइप तेवढा गटाराला जोडा की." उत्तर एकच: "वहिनी, आमचं पाणी आजोबांपासून इथूनच जातंय."

हे 'आजोबांपासून' कायद्यात खरंच आहे बरं का. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, कलम १५. वीस वर्षं उघडपणे, हक्कानं, अडथळ्याशिवाय वापर असेल तर हक्क तयार होतो. पण परवानगीनं चाललेला वापर त्यात धरत नाहीत. "राहू दे, आपलीच माणसं" म्हणून सोडलेलं असेल तर ती नुसती सवलत. (आता आजोबांच्या तोंडी परवानगीचा पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न आहेच.) आणि कलम २९ सांगतं, घरात बदल किंवा वाढ करून त्या हक्काचा बोजा फार वाढवता येत नाही. चार बादल्यांच्या वहिवाटीवर सहा बाथरूम बसत नाहीत, असं माझं स्पष्ट मत.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ घेऊन भांडायला जाऊ नका. तो कर आकारणीचा उतारा, हद्द त्यातून ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजलं गेलं असेल तर मालमत्ता पत्रक आधी काढा. शेतातल्या वाटेचे नि पाण्याचे अर्ज तहसीलदाराकडं चालतात, हे प्रकरण मात्र दिवाणी कोर्टाचं.

काकांची अडचणही खोटी नाही. रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत गेले, त्याबरोबर गटार वर आलं आणि घरं खाली राहिली. चार इंची पाइपला साधारण साठ फुटांना एक फूट उतार लागतो. त्यांच्या मागच्या मोरीपासून गटार चाळीस फूट, म्हणजे आठ इंच उतार हवा. आज तो मिळतच नाही. आंघोळीचं-धुण्याचं पाणी पायापासून लांब शोषखड्ड्यात घालता येईल. संडासाचं नाही, त्याला सेप्टिक टाकीच. उरलेल्या खोल्यांची मोरी पुढच्या बाजूला घ्यावी लागेल, म्हणजे फरशी फोडणं आलं.

आम्ही निम्मा खर्च देतो म्हटलंय. काका म्हणतात, आधी मोजणी होऊ दे. अर्ज भरलाय, तारीख आली की पुढच्या भागात सांगतो.